आरशाला तिजोरी म्हणू नका

गेल्या महिन्यात घरातल्या एका साखरपुड्याला जेवणं उरकल्यावर गप्पांचा फड जमला. साताऱ्यात तीस वर्षं माझा फोटो स्टुडिओ आहे, त्यामुळे मी बसलो की विषय फिरून फोटोंवर येतोच. मुलाच्या वडिलांना मी सवयीने म्हणालो, "फोटो हातात आले की तीन ठिकाणी ठेवा, साहेब." तेवढ्यात हिंजवडीला नोकरी करणारा माझा भाचा हसून म्हणाला, "मामा, तुम्ही अजून त्या डबड्यांतच अडकलाय. हार्ड डिस्क आता कोण सांभाळतं? सगळं क्लाउडवर असतं. एवढ्या मोठ्या कंपन्या आहेत, त्या काय हरवणार? आणि गेलेच समजा चार फोटो, तर गेले. आठवणी मनात असतात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. शुभकार्यात वाद नको म्हणून मी पानाला चुना लावत गप्प राहिलो. पण ही वाक्यं एकट्या भाच्याची नाहीत. दुकानाच्या काउंटरवर मी ती आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. त्यातलं कोणी ना कोणी सहा महिन्यांनी परत येतं, तेव्हा चेहरा उतरलेला असतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "यातून काही निघेल का बघा ना." म्हणून तिन्ही विधानांना इथे क्रमाने उत्तर देतो.

आधी भाच्याचं जे बरोबर आहे ते कबूल करतो. क्लाउड ही फार चांगली सोय आहे. फोन एसटीत राहिला, घरात चोरी झाली, आग लागली, तरी दूरच्या सर्व्हरवरचे फोटो जागेवर असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांतले अल्बम आणि त्याच कपाटातल्या डिस्का एकाच चिखलात गेल्या. अशा वेळी ज्यांचे फोटो गावाबाहेर कुठेतरी होते, त्यांचेच वाचले. मी स्वतः पैसे भरून क्लाउड वापरतो. माझं भांडण आहे ते "क्लाउडवर आहे, विषय संपला" या समजुतीशी.

क्लाउडवर आहे म्हणजे नेमकं काय आहे, हे विचारलं की दहातले आठ जण गडबडतात. दुकानात एक शिक्षिका आल्या होत्या. फोनवर 'जागा संपली' असा संदेश रोज यायचा. वैतागून त्यांनी फोटोंचं अ‍ॅप उघडलं, मागचे दोन वर्षांचे फोटो निवडले आणि डिलीट केले. अ‍ॅपने मधे काहीतरी विचारलं, त्यांनी न वाचता 'ओके' दाबलं. क्लाउडवर आहेतच ना! तीन महिन्यांनी मुलीच्या पहिल्या गॅदरिंगचे फोटो हवे होते. फोनवर नाहीत, लॅपटॉपवर नाहीत, क्लाउडवरही नाहीत. अ‍ॅपची कचरापेटी कधीच रिकामी झालेली. त्यांनी न वाचलेली ती सूचना हेच सांगत होती की इथून काढलं तर सगळीकडून जाईल.

यात यंत्राची चूक काहीच नव्हती. त्याने सांगितलेलं काम चोख केलं. फोन आणि क्लाउड यांच्यात चालतं त्याला सिंक म्हणतात. सिंक म्हणजे आरसा. इकडे फोटो आला की तिकडे दिसतो, इकडून गेला की तिकडून जातो. बॅकअप म्हणजे पेटीत ठेवलेली वेगळी प्रत. तुम्ही मूळ फाडलं तरी तिला पत्ता लागत नाही. गूगल फोटोजमध्ये क्लाउडवर चढलेला फोटो अ‍ॅपमधून डिलीट केला की तो ६० दिवस कचरापेटीत राहतो, आयक्लाउडमध्ये साधारण ३० दिवस. तेवढ्या मुदतीत लक्षात आलं तर ठीक. पण दिवाळीत डिलीट झालेल्या फोटोची आठवण माणसाला शिमग्यात होते, त्याला काय करणार?

त्यात गोंधळ असा की एकाच फोनवर दोन सारखी दिसणारी बटणं असतात. गूगल फोटोजमधलं 'फ्री अप स्पेस' हे बटण चढवून झालेल्या फोटोंची फक्त फोनमधली प्रत काढतं, क्लाउडवरची ठेवतं. 'डिलीट' दोन्हीकडची काढतं. आयफोनमध्ये 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' चालू असेल तर फोनवर दिसतो तो बहुधा फोटोचा लहान अवतार असतो आणि मूळ फोटो सर्व्हरवर. म्हणजे "फोनवरही आहे आणि क्लाउडवरही आहे" असं तुम्ही म्हणता, तेव्हा पूर्ण आकाराची प्रत एकच असते. अँड्रॉइडवर मुळात बॅकअप चालू असतो तो कॅमेऱ्याच्या फोल्डरचा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोंचं फोल्डर तुम्ही स्वतः चालू केल्याशिवाय वर चढत नाही. मावशीने पाठवलेला आजोबांचा एकमेव फोटो नेमका त्याच फोल्डरात असतो.

आणि व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप म्हणजे अल्बम नव्हे, हे तर मी आता दुकानात पाटीवर लिहून लावणार आहे. तिथून साधेपणाने पाठवलेला फोटो आकसतो. चार हजार बिंदू रुंदीचा फोटो पलीकडे पोचतो तेव्हा साधारण सोळाशे बिंदूंचा झालेला असतो, आणि तो कधी, कुठे काढला ही आतली नोंदही पुसलेली असते. २०२३ पासून एचडीची सोय आली, पण ती आपण स्वतः निवडावी लागते. मूळ फोटो जसाच्या तसा पाठवायचा तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. एवढी एक गोष्ट घरात सगळ्यांना शिकवली तरी पुष्कळ पाप वाचेल.

आता दुसरं विधान: मोठ्या कंपन्या काय हरवणार?

माझ्या भाच्याच्या पिढीने कॉलेजातले पहिले फोटो ऑर्कुटवर टाकले होते. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. माझ्या दुकानात ज्या पिकासावर आम्ही हजारो फोटो लावून ठेवले, ते २०१६ मध्ये गुंडाळलं गेलं. गूगल प्लस २ एप्रिल २०१९ ला मिटलं. फ्लिकर एके काळी सगळ्यांना फुकट एक टेराबाइट जागा देत असे. २०१८ च्या अखेरीस मालक बदललेल्या त्याच फ्लिकरने जाहीर केलं की फुकट खात्यात हजारच फोटो राहतील, आणि पुढच्या वर्षी वरचे काढायला सुरुवात केली. यातल्या प्रत्येकाने आगाऊ सूचना दिली होती, हे मान्य. पण ती सूचना गेली ती तुम्ही कधीच न उघडणाऱ्या ई-मेलवर.

गूगल फोटोज २०१५ मध्ये सुरू झालं तेव्हा थोड्या कमी दर्जाचे फोटो कितीही ठेवा, फुकट, असं वचन होतं. १ जून २०२१ पासून ते संपलं आणि नवे फोटो १५ जीबीच्या हिशेबात धरले जाऊ लागले. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती डिसेंबर २०२३ पासून हटवता येतील, असा नियमही गूगलने केला. मी याला फसवणूक म्हणत नाही. त्यांचा धंदा आहे, धंद्याची गणितं बदलतात, मीही रोल धुणं बंद केलंच की. पण ज्याचं गणित बदलू शकतं, त्याच्याकडे घरातली एकमेव प्रत ठेवायची नसते.

आणि मोठे हरवतही नाहीत असं नाही. कॅनन ही आमच्या धंद्यातली केवढी मोठी कंपनी! जुलै २०२० मध्ये तिच्या फोटो साठवण्याच्या क्लाउड सेवेत गडबड झाली आणि दीर्घकाळ साठवणीतले काही ग्राहकांचे मूळ फोटो आणि व्हिडिओ गेले. परत मिळाले नाहीत. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक अख्खी इमारत जळाली. ज्यांची दुसरी प्रत त्याच आवारात होती, त्यांच्या दोन्ही प्रती गेल्या. क्लाउड म्हणजे ढग नव्हे, कोणाची तरी इमारत असते, तिला आगही लागते.

याहून घोर लावणारी गोष्ट वेगळीच आहे. फोटो सर्व्हरवर शाबूत असतात, पण तुम्हालाच आत जाता येत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बापाची हकिगत छापली होती. आजारी लहान मुलाचा फोटो त्याने डॉक्टरांसाठी काढला. यंत्राने तो गैर ठरवला आणि गूगलने खातं बंद केलं. पोलिसांनी चौकशी करून त्याला निर्दोष ठरवलं, तरी खातं परत मिळालं नाही. त्यातले मुलाचे फोटो, संपर्क, पत्रव्यवहार सगळं अडकलं. तुमच्या-माझ्या घरात हे इतकं नाट्यमय होत नाही. इथे आजोबा वारतात, त्यांचं सिम रिचार्जविना बंद पडतं, ९० दिवसांनंतर तो नंबर दुसऱ्या कोणाला मिळू शकतो, आणि खात्याचा ओटीपी त्याच नंबरवर जात असतो. किल्लीच हरवलेली तिजोरी कितीही भक्कम असून उपयोग काय? आपल्या पश्चात खातं कोणाला उघडता यावं हे नेमून ठेवायची सोय गूगलने २०१३ मध्ये दिली, अ‍ॅपलने २०२१ मध्ये. तुमच्या ओळखीत किती जणांनी ती भरली आहे, विचारून बघा.

इथवर वाचून कोणी मान हलवत म्हणेल, "म्हणूनच आम्ही सगळं हार्ड डिस्कवर ठेवतो बुवा." थांबा. ही आमच्या पिढीची अंधश्रद्धा आहे, आणि तिचा मी स्वतः बळी आहे.

२००८ मधलं कोरेगावकडचं एक लग्न. आदल्या संध्याकाळी हळद. रात्री मुक्कामाच्या घरी कार्ड रीडर लॅपटॉपला लावला, सगळे फोटो कट केले, फोल्डरमध्ये पेस्ट केले. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, तो थेट विजेवर चालत होता. पट्टी शेवटाला आली आणि दिवे गेले. दिवे आल्यावर पाहिलं, फोल्डरमध्ये ४१२ फाइल्स. कार्ड रिकामं. झालं की काम! सकाळी लग्नाला तेच कार्ड फॉरमॅट करून कॅमेऱ्यात घातलं. आठवड्याने अल्बम जुळवायला बसलो तेव्हा कळलं, ४१२ पैकी २६० फाइल्स उघडतात. उरलेल्यांची नावं आहेत, आकार शून्य केबी. पाकिटं पोचली होती, आत पत्र नव्हतं.

त्या दिवसापासून माझा एक नियम आहे: कॉपी झाली म्हणजे फोटो पोचले असं नाही. ते पोचल्याचं तुम्ही डोळ्यांनी बघावं लागतं. कट-पेस्ट कधीही नाही, कायम कॉपी. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइल्सची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहायचा. मग पहिला, मधले चार-पाच आणि शेवटचा फोटो पूर्ण आकारात उघडायचा. व्हिडिओ असेल तर सरकवून शेवटपर्यंत न्यायचा, कारण तुटलेला व्हिडिओही सुरुवातीला छान चालतो. फोटो फार असतील तर हे काम यंत्राकडून करून घेता येतं. टेराकॉपीसारखं सॉफ्टवेअर मूळ आणि प्रत या दोन्ही फाइलींचा प्रत्येक बाइट मोजून एक ठसा काढतं, त्याला चेकसम म्हणतात. एक कण जरी बदलला तरी ठसा बदलतो. ठसे जुळले की प्रत खरी. त्यानंतर 'इजेक्ट' म्हणून मगच वायर काढायची, कारण पडद्यावर काम संपल्यासारखं दिसलं तरी संगणक थोडा डेटा हातात धरून असतो. आणि दुसऱ्या एखाद्या ठिकाणी आणखी एक प्रत गेल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. चुकून फॉरमॅट झालंच तर ते कार्ड लगेच बाजूला काढायचं. त्यावर नवा एकही फोटो काढला नाही, तर जुने परत मिळण्याची बरीच आशा असते.

फोनमधून केबलने फोटो उतरवताना एका दमात दहा हजार ओढू नका. ते मधेच अडकतं आणि कुठवर आलं होतं हे कळत नाही. महिन्या-महिन्याचे गठ्ठे करा. गूगलमधून सगळं खाली उतरवायचं तर 'टेकआउट' म्हणून सोय आहे. त्यातून झिप फाइल्स येतात, आणि अनेक फोटोंसोबत जेसन नावाची छोटी फाइल असते. लोक ती कचरा समजून पुसतात. तुम्ही अ‍ॅपमध्ये दुरुस्त केलेली तारीख, लिहिलेला मजकूर त्या फाइलीत असतो. ती पुसली की १९८५ चा स्कॅन केलेला फोटो आज काढल्यासारखा दिसायला लागतो.

पुन्हा डिस्ककडे. बॅकब्लेझ नावाची अमेरिकी साठवण कंपनी तिच्याकडच्या लाखो डिस्कांचा हिशेब दर वर्षी जाहीर करते. वर्षाकाठी साधारण शंभरातली एक ते दोन डिस्क बंद पडते. आणि त्या डिस्का थंड, स्थिर खोलीत असतात, आपल्यासारख्या कपाटातल्या डांबरगोळ्यांशेजारी किंवा लग्नाच्या गाडीत बॅगेखाली नसतात. दीड टक्का म्हणजे काही नाही असं वाटतं, पण तुमच्याकडे लाख डिस्का नाहीत, एकच आहे. ती गेली तर शंभर टक्के गेलं. उलट, वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या दोन डिस्का एकाच वर्षी जाण्याची शक्यता दीड टक्क्याचा दीड टक्का, म्हणजे दहा हजारांत दोन-तीन. दुसऱ्या प्रतीची ताकद एवढी आहे. मात्र दोन्ही एकाच कपाटात असतील तर हे गणित पुराच्या पहिल्या लाटेत वाहून जातं. पेन ड्राइव्हवर तर भिस्त ठेवूच नका. त्यातला डेटा विजेच्या सूक्ष्म भारावर टिकून असतो आणि वर्षानुवर्षं पडून राहिला तर तो भार झिरपतो. २००३-०४ च्या आमच्या सीडी आज चाळणीसारख्या झाल्या आहेत, रंगाचा थर उडालेला.

दुसरी प्रत आहे एवढ्यावरही विसंबू नये. 'टॉय स्टोरी २' चं काम चालू असताना १९९८ मध्ये पिक्सारमध्ये कोणीतरी चुकीचा आदेश दिला आणि चित्रपटाच्या बहुतेक फाइल्स पुसल्या गेल्या. बॅकअप होता, पण तो महिनाभर नीट चालतच नव्हता आणि हे कोणाला माहीत नव्हतं. बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या गॅलिन ससमन यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, तिने लाज राखली. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत असंच घडलं. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, ऐन वेळी एकही धड चालेना. एका माणसाने सहा तासांपूर्वी सहज काढून ठेवलेल्या प्रतीवर निभावलं. ही सगळी संगणकात मुरलेली माणसं. त्यांचं हे, तर आपण कोण? उघडून न पाहिलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा.

यावर उपाय आमच्याच धंद्यातल्या माणसाने सांगून ठेवला आहे. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने २००५ च्या आपल्या पुस्तकातून तीन-दोन-एकचा नियम रूढ केला. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. पण आपल्याला हे सांगायला अमेरिका कशाला हवी? तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या. देवाने त्या तारल्या या श्रद्धेला मी हात लावत नाही. पण एवढं खरं की अभंग तोवर गावोगावच्या कीर्तनांत, लोकांच्या तोंडी पोचले होते आणि संताजी जगनाडे यांच्यासारख्यांनी ते लिहूनही ठेवले होते. एक प्रत कागदावर, एक कंठात, एक दुसऱ्या गावी. नदीने कितीही गिळलं असतं तरी गाथा बुडणार नव्हती. आणि त्यामानाने अलीकडचं सांगायचं तर ८ जानेवारी २००३ ला पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. 'प्रभात' चा जुना ठेवाही त्यात होता. तरी प्रभातचे चित्रपट आज आपण पाहतो, कारण प्रती दुसरीकडे होत्या. जे टिकलं ते पसरलेलं होतं म्हणून टिकलं.

उरलं तिसरं विधान, आणि भाच्याचं हेच मला सगळ्यात जास्त लागलं. गेले तर गेले, आठवणी मनात असतात.

माझ्या धंद्यात एक गिऱ्हाईक असं असतं ज्याला मी कधी थांबवत नाही आणि ज्याच्याशी भाव करत नाही. ते सकाळी लवकर येतं, बहुधा दोघं असतात, डोळे सुजलेले. फोन पुढे करतात. "हार घालायला फोटो हवाय. बारा बाय पंधरा. संध्याकाळपर्यंत." फोनवर काय असतं? कुठल्या तरी लग्नातला, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला बावीस जणांचा ग्रुप फोटो, आणि मागच्या रांगेत आईचा चेहरा. सोळाशे बिंदूंच्या त्या फोटोत आईच्या चेहऱ्याला दीडशे बिंदू आलेले असतात. ते दहा इंचांवर ताणायचे म्हणजे इंचाला पंधरा बिंदू, जिथे छपाईला तीनशे लागतात. मी करतो काहीतरी. हल्ली एआयने चेहरा गुळगुळीत करून मिळतो. पण एकदा असा फोटो हातात घेतल्यावर मुलगी हळूच म्हणाली, "काका, छान झालाय. पण ही आई नाही." यंत्राने कुठल्यातरी सरासरी बाईचे डोळे लावले होते.

आणि त्या माणसांकडे आईचे फोटो नव्हते असं नाही. दोन फोन आधी भरपूर होते. "तो फोन बिघडला, फेकून दिला." आजच्या फोनमधला साठा कुलूपबंद असतो. बोर्ड जळाला तर आतली चिप काढून दुसऱ्या यंत्राला लावली तरी हाती येतो तो गोंधळ. आठवण मनात असते हे खरं, पण मनातली आठवण फोटोच्या आधाराने उभी राहते. आईच्या कपाळावरची जखमेची खूण डावीकडे होती की उजवीकडे, यावर दोघं भाऊ माझ्या दुकानात भांडले आहेत. आणि ज्या नातवाचा जन्मच नंतर झाला, त्याच्या मनात कुठली आठवण असणार?

कोणता फोटो महत्त्वाचा, हे काढताना कळत नाही. कोरेगावच्या त्या दीडशे फाइलींत नवरीची आजी हळद लावताना होती. त्या रात्री तो चारशेतला एक साधा फोटो होता. म्हातारी त्याच वर्षी गेली आणि तो एकमेव झाला, तोवर माझ्या हातून हरवलाही होता. नवरीच्या वडिलांनी मला एक शब्द लावला नाही. मी पैसे घेतले नाहीत. त्याने काही भरून निघालं नाही. "गेले तर गेले" हे म्हणण्याचा हक्क गमावणाऱ्याला असेल, सांभाळायला घेतलेल्याला नाही. आणि घरातल्या फोटोंचे आपण सगळे सांभाळणारेच असतो, मालक पुढच्या पिढीत असतात.

भाच्याच्या म्हणण्यात एक गोष्ट मात्र मी उचलून धरतो. एवढे फोटो कशाला? खरंच कशाला. गुड मॉर्निंगची फुलं, बिलांचे स्क्रीनशॉट, एकाच पुरणपोळीचे चौदा फोटो जपायला मी सांगत नाही. निवडणं हा जपण्याचाच भाग आहे. आमच्या काळी रोलमध्ये ३६ फोटो असत, म्हणून माणूस विचार करून बटण दाबे. आता तो विचार नंतर करायचा. महिन्यातून एकदा अर्धा तास बसून गाळ काढा, वर्षाचे शे-दोनशे फोटो निवडा. त्यातले वीस-पंचवीस चांगल्या कागदावर छापून घ्या. माझा धंदा चालावा म्हणून सांगतोय असं वाटेल, तर इंटरनेटच्या जनकांपैकी एक, व्हिंट सर्फ, यांनीही २०१५ मध्ये हाच सल्ला दिला होता. कागदाला पासवर्ड लागत नाही.

राहता राहिलं काम, आणि ते फार नाही. एक प्रत क्लाउडवर, खात्याचे पैसे भरलेले, पुनर्प्राप्तीसाठी चालू नंबर आणि वारस नेमलेला. दुसरी प्रत घरातल्या डिस्कवर, वर्ष आणि महिन्याच्या फोल्डरांत. तिसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या गावी. बहीण-भावाने एकमेकांच्या डिस्का सांभाळाव्यात, याहून स्वस्त तिजोरी मला माहीत नाही. डिस्कला पासवर्ड लावा आणि तो कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांत ठेवा. लग्नाच्या अल्बमवर आपण जो खर्च करतो, त्यापुढे दोन डिस्कांचा खर्च जड वाटू नये.

आमच्या धंद्यात खंडेनवमीला कॅमेरे धुऊन-पुसून पाटावर मांडतात, हळद-कुंकू वाहतात, झेंडूचं फूल ठेवतात. मी गेली पंधरा वर्षं त्यात एक भर घातली आहे. फूल वाहण्याआधी प्रत्येक डिस्क जोडतो, कुठलंही एक वर्ष उघडतो, दहा फोटो पूर्ण आकारात बघतो, फाइल्स मोजतो. पाच वर्षांपेक्षा जुनी झालेली डिस्क बदलतो. मगच पूजा. आपल्याकडे कॅमेरा नसेल, फोन तर आहे. यंदाच्या खंडेनवमीला फोनला फूल वाहण्याआधी त्यातला एक फोटो निवडा, गेला तर जीव तुटेल असा, आणि तो आणखी कुठल्या दोन जागी आहे ते स्वतः उघडून बघा. आमचा भाचाही पाटावर फोन मांडतो, त्यालाही हेच सांगणार आहे. दोन जागा सापडल्या नाहीत, तर नैवेद्य थोडा उशिरा दाखवला तरी चालेल.